सतरा पायऱ्या

पहाटे ५.१०

पंखा फिरतोय, म्हणजे लाइट आहे. वहिनी उठल्या की आधी पंख्याकडं बघतात, मग पायात चप्पल सरकवतात. समोरच्या खोलीत दुकान. दहा बाय बारा. शटरला लागून टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, भिंतीला पासपोर्ट फोटोसाठी निळा पडदा. पडदा म्हणजे कुठल्याशा मांडवाचं उरलेलं कापड.

चहा अजून ठेवलेला नाही. त्या खुर्चीत बसतात, पडद्यावरच्या एका चित्रावर दोनदा क्लिक करतात आणि कान देऊन थांबतात. दहा-बारा सेकंदांनी जिन्यातून बारीक 'पीं' ऐकू येतं.

"उठला," म्हणतात, आणि चहाला जातात.

उठला तो वरचा. जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, वर पत्र्याची खोली, खोलीत धाकट्या दिराचा जुना कॉम्प्युटर. दीर चाकणला कंपनीत लागला, कॉम्प्युटर इथंच राहिला. त्याच्या मागच्या बाजूला एक डोंगल खोचलेलं आहे. श्रीलिपीचं. ते डोंगल असलं तरच मराठी अक्षरं उमटतात. त्याच मशीनवर कोरल ड्रॉ आहे आणि आठ-दहा वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फाइली. लग्नसराईत घर चालतं ते या वरच्यावर.

गाव धारूर तालुक्यातलं, केजकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं. नाव लिहू नका म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. गावात त्यांना सगळे वहिनीच म्हणतात, म्हणून मीही.

पहाटे ५.३०

खालच्या पडद्यावर एक खिडकी उघडते. त्यात आकडे भरायचे: १९२.१६८.१.२०. मग आठ अक्षरांचा पासवर्ड. या जातीच्या प्रोग्रॅमला आठच अक्षरं कळतात, नववं लिहिलं तरी ते सोडून देतो. एंटर मारलं की वरच्या मशीनचा सगळा पडदा खालच्या खिडकीत येऊन बसतो. खाली माउस हलवला की वरचा बाण हलतो. वर कुणीही नसतं.

प्रोग्रॅमचं नाव टाइटव्हीएनसी. फुकट आहे. एक भाग वरच्या मशीनवर, एक खालच्यावर. दोघांमध्ये एक निळी केबल, जिन्याच्या कठड्याला सुतळीनं बांधत नेलेली. केबल वीस मीटर, मीटरला पंधरा रुपये. एवढाच खर्च.

विंडोजमध्ये ही सोय मुळात असते, पण घरगुती आवृत्तीला बाहेरून आत येऊ देत नाही. त्यासाठी महागातली आवृत्ती घ्यावी लागते. आधी त्यांनी एक नावाजलेलं फुकट अ‍ॅप वापरलं होतं. महिनाभर बरं चाललं. मग ते म्हणायला लागलं की तुम्ही धंदा करताय, आणि पाच मिनिटांनी बंद पडायला लागलं. "ते खोटं तरी कुठं होतं," वहिनी म्हणतात. "धंदाच करत होते ना."

आज पाच पत्रिका आहेत. पहिलीचा मजकूर ग्राहकानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. तो तसाच उचलून चिकटवता येत नाही. मोबाइलचं मराठी युनिकोडचं, वरच्या श्रीलिपीचा सांकेतिक कारभार वेगळा. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यातून काढलं की कुठंतरी रफार उडतो, कुठं 'क्ष' फुटतो. पत्रिकेत 'लक्ष्मी' फुटली तर काय होतं ते त्यांनी एकदा बघितलंय. म्हणून त्या सगळं पुन्हा टाइप करतात.

इथं एक गंमत आहे. टाइप करताना खालच्या मशीनची भाषा इंग्रजीवर ठेवायची. मराठी वर होते. खाली मराठी चालू राहिली तर वर भलतंच काहीतरी जातं. बोटं मात्र टाइपरायटरवर शिकलेली आहेत, मधली ओळ 'यसार'ची. डी दाबलं की क, के दाबलं की काना. म्हणजे काका लिहायचं तर डीकेडीके. सरकार म्हणजे एलजेडीकेजे. त्या बघत नाहीत कुठं काय दाबतोय. मराठी टायपिंगची ४० ची परीक्षा केजला दिली होती, लग्नाआधी.

वर गणपती, त्याच्या खाली कुलदैवतं. योगेश्वरी प्रसन्न, वैजनाथ प्रसन्न, भगवानबाबा प्रसन्न. मग चि. आणि चि.सौ.कां. मग नावं, नावं, नावं. पत्रिकेत मजकूर थोडाच असतो, नात्यांचा नकाशाच जास्त. कुणाच्या वर कोण, कुणाच्या शेजारी कोण, हे ठरवायला घरात दोन रात्री जातात. ते टाइप करायला चाळीस मिनिटं.

अक्षर दाबलं की उमटायला किंचित वेळ लागतो. पापणी लवावी एवढा. वहिनींना त्याची सवय झालीय. मी पाच मिनिटं करून बघितलं आणि मला गावठी टेलिफोन आठवला, ज्यात आपलाच आवाज मागून यायचा. वरच्या मशीनवरचं फुलाफुलांचं चित्र त्यांनी काढून टाकलंय, नुसता काळा रंग ठेवलाय. चित्र जितकं साधं, तितकं ते केबलमधून लवकर खाली येतं.

सकाळी ६.५५

पाणी आलं. मे महिना, नळ चार दिवसांआड. टाकी, दोन ड्रम, घागरी, शेवटी बादल्या. पाऊण तास कॉम्प्युटर कुणी बघत नाही. लेकरं मामाच्या गावाला गेलीत, मालक विहिरीच्या क्रेनवर दुसऱ्या तालुक्यात. घरात वहिनी आणि सासूबाई. सासूबाईंना त्या आत्या म्हणतात. आत्या सत्तरीच्या पुढच्या. दोन्ही गुडघे गेलेले. नळाजवळ पाट टाकून बसतात आणि पाइप एका ड्रममधून दुसऱ्यात घालतात.

भाकरी थापताना वहिनींचा फोन ओट्यावर उभा केलेला असतो, तेलाच्या डब्याला टेकवून. फोनमध्ये पहिली पत्रिका. ज्याच्या घरचं लग्न आहे त्याला नमुना गेलाय, त्याचं उत्तर आलंय: 'आत्याचं नाव मावशीच्या वर घ्या.' पिठाच्या हातानं फोन धरवत नाही. करंगळीनं वर सारतात.

सकाळी ८.३०

शटर वर. बाहेर चार माणसं आधीच उभी आहेत.

निकालाचे दिवस. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हापासून बारक्या गावातल्या पोरांनाही फॉर्म भरायला कुणाच्या तरी दुकानात यावं लागतं. त्याआधी दाखले. उत्पन्नाचा, रहिवासी, जातीचा, नॉन क्रिमिलेअर. भिंतीवर दराचा फलक आहे. साध्या दाखल्याचे ६९ रुपये. आधी ३३ रुपये ६० पैसे होते. चाळीस पैसे परत द्यायचा प्रश्न तरी मिटला.

सकाळी हाताखाली एक मुलगी येते. बारावी झालेली, महिन्याला साडेतीन हजार. झेरॉक्स ती काढते, फोटो ती काढते. सरकारी पोर्टलवर वहिनी.

हे पोर्टलचं काम नुसतं मापाचं आहे. फोटो १६० पिक्सेल रुंद आणि २० केबीच्या आत. कागदपत्रं ७५ केबीच्या वर आणि ५०० च्या खाली. रेशनकार्डाचा फोटो काढला तर तो तीन हजार केबीचा येतो. लहान करायला गेलं तर ७० चा होतो, मग पोर्टल म्हणतं लहान झाला. मग थोडा वाढवायचा. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला वाटतं, बाई नुसती बघत बसलीय. ती केबी कापत असते.

आणि हे चालू असताना टेबलाच्या त्याच पडद्यावर, कोपऱ्यात, वरच्याची खिडकी बारीक करून ठेवलेली. पोर्टल गोल गोल फिरायला लागलं की वहिनी त्या खिडकीत जातात, दुसऱ्या पत्रिकेची दोन नावं टाकतात, परत येतात. एका पडद्यात दोन धंदे. मी विचारलं, वरचं मशीन सरळ खाली का आणत नाही?

"ठेवू कुठं?" त्यांनी हात फिरवून खोली दाखवली. "रस्त्याची धूळ बघा. आणि खाली आणलं की पोरं त्याच्यावर गेम टाकतील. ते डोंगल गेलं तर मी गेले."

सकाळी ११.१५

पांढरं धोतर, टोपी, हातात बटणाचा नाही, मोठा फोन. यंदा कर्नाटकातून ऊस तोडून आलेले. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तसे महिन्याभरापूर्वी गावात.

"वहिनी, फोन आलता. पीएम किसानचे दोन हजार अडकलेत म्हनला. एक अ‍ॅप घ्या म्हनला, त्यात आकडे येतेत, ते सांगा म्हनला."

वहिनींचे हात थांबले.

"बाबा, सांगितले का आकडे?"

"चष्मा नव्हता ना. म्हनलं वहिनीकडं जातो, तिथून सांगतो."

चष्मा नव्हता म्हणून वाचले. वहिनींनी फोन हातात घेतला, अ‍ॅप शोधलं, काढून टाकलं. बँकेच्या फोनवर बोलून खातं बघायला लावलं. काही गेलेलं नव्हतं. मग शेजारच्या कागदावर मोठ्या आकड्यांत १९३० लिहून दिलं. पैसे गेले तर लगेच लावायचा हा सायबर मदतीचा नंबर.

रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना या चालीबद्दल सावध केलं होतं. माणसाला अ‍ॅप घ्यायला लावायचं, त्यात उमटलेला नऊ आकड्यांचा कोड विचारून घ्यायचा, परवानगीचं बटण त्याच्याकडूनच दाबून घ्यायचं आणि त्याच्या फोनमध्ये बसून त्याचं खातं मोकळं करायचं. कोपऱ्यातल्या खिडकीत त्याच वेळी वहिनींचा वरचा कॉम्प्युटर उघडा होता. हत्यार एकाच जातीचं. म्हाताऱ्याला ते सांगून उपयोग नव्हता, वहिनींनी सांगितलंही नाही. दारावर मात्र स्केचपेननं लिहिलेला कागद जुनाच आहे: 'फोनवर कुणालाही आकडे सांगू नये. आधी इथे विचारावे. विचारण्याचे पैसे नाहीत.'

बाबांनी निघताना दहाची नोट टेबलावर ठेवली. वहिनींनी ती उचलून त्यांच्या खिशात घातली.

दुपारी १२.२०

पत्रा तापला. वर आता माणूस पाच मिनिटं बसू शकत नाही, आणि मशीनलाही ते सोसत नाही. मागच्या वर्षी मेमध्येच त्याचा मॉनिटर गेला. दुरुस्तीवाल्यानं अठराशे सांगितले, सेकंडहँड अडीच हजारांना. वहिनींनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. पडदा खाली दिसत असताना वर कशाला?

पण विंडोजला पडदा दिसला नाही की ते सगळं लहान करून दाखवतं, पत्रिका अर्धीच मावते. दिरानं चाकणहून फोनवर उपाय सांगितला आणि गावातल्या टीव्हीवाल्यानं तो केला. मॉनिटरच्या जुन्या पिनेच्या भोकांत तीन रेझिस्टर, प्रत्येकी ७५ ओहमचे, लाल-हिरव्या-निळ्या रंगाच्या तारांसाठी एकेक. मशीनला वाटतं मॉनिटर लावलाय. पाच रुपयांचा माल, वीस रुपये मजुरी. अडीच हजारांच्या मॉनिटरचं काम पंचवीस रुपयांच्या थापेनं चाललंय.

१२.२५ ला वहिनी खालूनच वरचा बंद करतात. आता चारनंतर.

वर चढून पंखा बंद करायला मी गेलो. सतरा पायऱ्या मोजल्या त्या तेव्हा. शेवटच्या पायरीवर गरम वाफ तोंडावर आली. खोलीत मशीन, धुळीचं झाकण, दिराचं एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट. मशीनच्या बटणावर लाल टिकली चिकटवलेली. ती कशाला, ते मला तीन वाजता कळलं.

उतरताना एक आठवलं. टाइटव्हीएनसीचं मूळ, व्हीएनसी, केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात तयार झालं आणि तेव्हापासून ते सगळ्यांना मोकळं आहे. ज्यांनी ते केलं त्यांच्यातलाच एक जण १९९१ मध्ये दुसऱ्या एका उद्योगातही होता. इमारतीतल्या कॉफीच्या भांड्यासमोर त्यांनी कॅमेरा लावला, कारण जिने चढून यावं आणि भांडं रिकामं निघावं याचा कंटाळा आला होता. वहिनींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्याकडंही पायऱ्या होत्या."

दुपारी १.१०

लाइट गेली. परळीचं औष्णिक केंद्र याच जिल्ह्यात, पण त्याचा या गावातल्या पंख्याशी थेट संबंध नाही. बारका इन्व्हर्टर आहे, त्याच्यावर खालचा कॉम्प्युटर, राउटर आणि एक पंखा. वरचा त्याच्यावर नाही. तेवढी बॅटरीची ताकद नाही.

वहिनी जेवतात. भाकरी, बेसन, कांदा. पाचमधल्या तीन पत्रिकांच्या फाइली तयार आहेत, त्या घेऊन केजला प्रेसवर जायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतात, पण कागद हातात घेऊन बघावा लागतो, शाई बघावी लागते, आणि मागच्या दोन पत्रिकांचे पैसे द्यायचेत. पैसे फोनवर जातात. पण समोर गेलं तर शेकड्यामागं पन्नास रुपये कमी होतात.

दुपारी १.४५

एसटी. अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं. वहिनी सांगतात की आधी त्या पंधरा दिवसांतून एकदा केजला जायच्या, आता आठवड्याला दोनदा. खिडकीजवळची जागा. बाहेर काळं रान, नांगरून ठेवलेलं, ढेकळं वाळतायत. दोन ठिकाणी मांडव.

दुपारी ३.०५

प्रेस बोळात आहे. मशीनचा आवाज, रॉकेलचा वास, कोपऱ्यात पत्रिकांचे गठ्ठे. तिसरी पत्रिका प्लेटला जायच्या बेतात. दीडशे प्रती. ऊसतोडीचं घर, नवरदेवाचे आईबाप दोघंही मुकादमाच्या टोळीत, कोयत्यावर. फोन वाजला. नवरदेवाचा बाप.

"वहिनी, छापली का? थांबवा. मुकादमाचं नाव राहिलं."

"कुठं घालायचं?"

"निमंत्रकात. सगळ्यात वर."

"सगळ्यात वर तुमचे थोरले भाऊ आहेत."

फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. "भावाच्या वर घ्या," तो म्हणाला.

वहिनींनी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. प्रेसवाला म्हणाला, चारच्या आत द्या, नाहीतर उद्यावर जाईल, आणि परवा तर लोक पत्रिका वाटायला निघणार.

इथं फाइल बदलता येत नाही. फॉन्ट फुटू नयेत म्हणून अक्षरं कर्व्ह केलेली असतात, म्हणजे आता ती अक्षरं राहिली नाहीत, नुसती चित्रं झाली. बदलायचं तर मूळ फाइल. मूळ फाइल वरच्या मशीनवर. वरचं मशीन बंद. तापलेल्या पत्र्याखाली.

दुपारी ३.१२

वहिनी बोळातल्या पायरीवर बसल्या, पदर डोक्यावर घेतला, फोन काढला. फोनमध्ये रस्टडेस्क. हेही फुकट आणि खुलं. याच्यानं बाहेरून खालच्या कॉम्प्युटरमध्ये जायचं. वरच्याला इंटरनेट दिलेलंच नाही, कारण त्याच्यावर विंडोज ७ आहे आणि त्याची दुरुस्ती कंपनीनं जानेवारी २०२० मध्येच थांबवली. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये गेटवेचा रकाना रिकामा सोडलाय. तो फक्त घरात बोलतो, घराबाहेर नाही. सोवळ्यातला आहे, असं दीर म्हणतो.

तर फोनमधून खालच्यात. खालच्यातून वरच्याला उठवायचं चित्र, दोनदा टिचकी. थांबल्या. परत टिचकी. काही नाही.

"लाइट जाऊन आलीय," त्या म्हणाल्या. मशीन बंद असलं तरी त्याच्या कानात थोडा करंट असतो, त्यावर ते हाक ऐकतं. मध्ये लाइट गेली की हे जुनं मशीन बहिरं होतं. एकदा हातानं चालू केलं की मगच परत ऐकायला लागतं. लाइट आल्यावर आपोआप सुरू व्हायची सोयही आहे त्यात, पण दिवसातून आठ वेळा लाइट जाते, तेवढ्या वेळा चालू-बंद झालं तर डिस्क मरेल. म्हणून ती सोय बंद ठेवलेली.

फोन लावला. बराच वेळ वाजला.

"आत्या, वर जावं लागतं."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. वहिनी म्हणाल्या, "हो, टिकलीवर. एकदाच दाबा. दाबून धरू नका." मग, "सावकाश जा. मी ठेवत नाही फोन."

फोन त्यांनी कानालाच धरून ठेवला. बोळातून एक गाढव गेलं, मागून विटांची गाडी. वहिनी मध्येच "हं" म्हणत होत्या. आत्या पायऱ्या मोजत चढत असाव्यात, कारण एकदा वहिनी म्हणाल्या, "नऊ झाल्या ना, तिथं कठडा धरा, पुढची उंच आहे." केजच्या बोळात बसून त्यांना घरची दहावी पायरी माहीत होती.

सात मिनिटं लागली.

"पीं झालं? बरं. तिथं बसू नका, लगेच उतरा. तिथं लई गरम आहे."

दुपारी ३.२४

आता फोनच्या पडद्यात खालचा कॉम्प्युटर, त्याच्या पडद्यात खिडकी, खिडकीत वरचा. तळहाताएवढ्या काचेत तीन घरं एकात एक. पत्रिका नखाएवढी दिसते. दोन बोटांनी ताणायची, सरकवायची, बाण बरोबर जागेवर न्यायचा. बाण हलायला आता पापणी नाही, चांगला श्वासभर वेळ लागतो. वहिनी घाई करत नाहीत. एक टिचकी मारून थांबतात.

फोनचा कीबोर्ड इंग्रजी. त्याच्यावर टाइपरायटरची मराठी. दहा बोटांची विद्या एका अंगठ्यावर. 'श्री.' टाकलं. मग मुकादमाचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. आडनावात जोडाक्षर. तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा बरोबर उमटलं. थोरल्या भावाचं नाव एक ओळ खाली सरकलं, तसं शेवटचं एक नाव चौकटीबाहेर गेलं. ते कुणाच्या तरी धाकट्या चुलत्याचं होतं. वहिनींनी सगळ्या ओळींचं अंतर किंचित कमी केलं आणि चुलत्याला आत घेतलं.

कर्व्ह. पीडीएफ. पीडीएफ वरून खालच्या फोल्डरमध्ये. खालच्यातून प्रेसच्या नंबरवर.

आत प्रेसवाल्याचा फोन टुणकन वाजला. ३.५१.

मी म्हटलं, भारीच. त्या तोवर परत घरी फोन लावत होत्या, आत्या उतरल्या का बघायला.

संध्याकाळी ५.४०

परत. आत्या ओसरीवर पाय पसरून बसलेल्या. गुडघ्याला तेल. वहिनींनी पिशवीतून केळी काढून पुढ्यात ठेवली. दोघींमध्ये यावर काही बोलणं झालं नाही. थोड्या वेळानं आत्याच म्हणाल्या, "ते नुसतं बटनच दाबायचं का तिथं? एवढ्यासाठी वर?"

"एवढ्यासाठीच."

"मग बटन खाली घ्या की."

संध्याकाळी ७.१५

दुकान पुन्हा भरलं. रिचार्ज, लाइटबिल, सातबाऱ्याचे दोन उतारे, सरकारी पंधरा रुपये एकाचे. एक जण बायकोचं आधार दुरुस्त होतं का विचारायला आला, इथं होत नाही ऐकून तंबाखू मळत बसून राहिला. पोर्टल आता चांगलं चालतं. दुपारी जे दोन दाखले अडकले होते ते सात मिनिटांत गेले. कोपऱ्यातल्या खिडकीत चौथी पत्रिका.

साडेआठला दिराचा फोन. त्याची शिफ्ट सुटलेली. वहिनींनी आत्याचं म्हणणं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, आई बरोबर बोलतेय. बटणाच्या मागं दोनच बारक्या तारा असतात, त्या क्षणभर एकमेकींना टेकल्या की मशीन सुरू. त्यात जोर नसतो, शॉक नसतो. त्या तारा लांबवून जिन्यातून खाली आणा, टोकाला दारावरच्या बेलचं बटण लावा. झालं.

"आणि हे तू आधी का नाही सांगितलं?" वहिनी म्हणाल्या.

"आधी कुणी विचारलंच नाही."

रात्री १०.२०

वही. आजचे दाखले अकरा, फॉर्म तीन, फोटो नऊ जणांचे, बाकी झेरॉक्स आणि रिचार्ज. पत्रिका जुळवणीचे दोनशे प्रमाणे दोन घरांचे आले, तीन घरांचे यायचेत. मुकादमाचं नाव घातल्याचे वेगळे लावलेले नाहीत. सरकारचा वाटा आणि कागद-शाई वजा जाता हातात ८६० रुपये. त्यातून मुलीचा दिवसाचा हिशोब, इंटरनेटच्या महिन्याच्या ४७१ मधला थोडा भाग, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी डब्यात वेगळे पन्नास.

खालूनच वरचा बंद केला. जिन्यातली पंख्याची घरघर थांबली.

मग वहीच्या शेवटच्या पानावर, उद्या आणायच्या यादीत, साबण आणि हळदीच्या खाली त्यांनी लिहिलं: बेलचे बटण १. बारीक वायर. किती मीटर ते सोडलं होतं. आत्या आतून म्हणाल्या, "सतरा पायऱ्या आहेत, जरा जास्तीच आणा."

त्यांनी १५ मीटर लिहिलं आणि दिवा घालवला.